शुद्ध मराठीतून धावतं वर्णन

आमच्या देवासात मराठी माणसाला दोन गोष्टींचा अभिमान असतो. एक म्हणजे आपले पूर्वज संस्थानात कोणीतरी होते, आणि दुसरी म्हणजे आपल्या घरात अजून शुद्ध मराठी बोललं जातं. पहिल्या गोष्टीची चौकशी सहसा कोणी करत नाही. दुसरीची माझ्या बाबतीत झाली, आणि तीही रेडिओवर, थेट प्रक्षेपणात. ही हकीकत मी स्वतः सांगतो आहे, कारण गल्लीत जी फिरते आहे ती शेजारच्या मानसिंगरावांनी रंगवलेली आहे.

मी सरकारी शाळेत गणित शिकवतो, अर्थात हिंदीतून. शाळेच्या वार्षिक खेळांत माइक वर्षानुवर्षं माझ्याच हातात असतो, कारण तो बंद पडला तरी माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचतो. एवढ्या भांडवलावर आमच्या मराठी मित्रमंडळाने यंदा माझं नाव सुचवलं. मंडळाचा क्रिकेटचा चषक असतो. देवास, धार आणि आसपासच्या मराठी मंडळींचे संघ टेनिस बॉलने खेळतात आणि खऱ्या बॉलने खेळल्यासारखे भांडतात. यंदा गावातल्या ‘टेकडीवाणी’ नावाच्या छोट्या रेडिओ केंद्राने या सामन्यांचं धावतं वर्णन मराठीतून द्यायचं ठरवलं. केंद्राचा टॉवर एवढासा, शेजारचं सोनकच्छ यायच्या बरंच आधी आवाज खरखरायला लागतो. पण मोबाईलवर मात्र ते अमेरिकेतही ऐकू येतं, असं केंद्राच्या संचालिका अल्पनाताई सांगत. अमेरिकेचं मला काही नव्हतं. मला धारला ऐकू जायला हवं होतं.

अंतिम सामना धारला होता, आणि धार ही माझी सासुरवाडी. धारच्या मराठी लोकांचं मत असं, की माळव्यात खरं मराठी फक्त धारला बोललं जातं, देवासवाले हिंदीलाच अनुस्वार लावून वेळ मारून नेतात. माझे मेहुणे मल्हारराव हे या मताचे मुख्य प्रचारक. मी फोनवर एखादा शब्द बोललो की ते तो हळूच दुरुस्त करून परत उच्चारतात, म्हातारी माणसं नातवाची टोपी सरळ करतात तसे. तेव्हा धारच्या मैदानावर, सगळ्या सासुरवाडीच्या कानात, माझा आवाज मराठीतून घुमणार हा विचार मला किती सुखाचा वाटला असेल, ते ज्याला मेहुणा आहे त्यालाच कळेल.

पहिली अडचण दाखल्याची आली. केंद्राच्या नियमाप्रमाणे निवेदकाला भाषा येत असल्याचा दाखला लागतो. मंडळाचे सचिव शिवाजीराव म्हणाले की चारित्र्याचे दाखले हवे तितके देतो, पण मराठीचा देण्याची मंडळाच्या घटनेत तरतूद नाही. तहसिलीत गेलो तर खिडकीतल्या माणसाने कॉम्प्युटरवर शोधलं. तिथे जातीचा होता, उत्पन्नाचा होता, जन्ममृत्यूचा होता, मराठीचा नव्हता. त्याने मला सहानुभूतीने विचारलं की मूल निवासीच्या, म्हणजे रहिवासाच्या, दाखल्याने काम भागेल का. शेवटी आमच्या प्राचार्यांनी, ज्यांना मराठीचं अक्षर येत नाही, शाळेच्या कागदावर लिहून दिलं की ‘श्री कृष्णराव मराठी भाषा में प्रवीण हैं’. खाली गोल शिक्का मारला. अल्पनाताईंनी तो शिक्का पाहून लगेच मान डोलावली.

मग सल्ले सुरू झाले. मानसिंगरावांचे पूर्वज घोडदळात होते, त्यामुळे त्यांचा प्रत्येक सल्ला चढाईचा असतो. ते म्हणाले, सुरुवातीलाच जोरात ओरडा, म्हणजे जोडीदार दबतो. समोरचा गणपत शिंपी म्हणाला की रेडिओवर दिसत नसलं तरी कोट पाहिजे, आवाजात कपड्याचा फरक पडतो. मी नको म्हणेपर्यंत त्याने माझं माप घेतलं होतं. माझी बायको विनोदिनी एवढंच म्हणाली, की मला मॅच सांगता तशी सांगा. घरच्या माणसाच्या सल्ल्याला जी किंमत असते तीच मी त्याला दिली.

माझा जोडीदार म्हणून केंद्राने शार्दूल नावाचा तरुण नेमला. हा पुण्याचा. औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्यात नोकरीला होता आणि कॉलेजात असताना त्याने समालोचनाची बक्षिसं मिळवली होती. दिसायला नम्र. मला वाकून नमस्कार केला, पाण्याची बाटली पुढे केली, आणि लाल दिवा लागल्यावर पहिल्याच षटकात माझी अब्रू काढली.

त्याचं असं झालं की देवासच्या अंशुलने पहिला चेंडू टाकला आणि समोरच्याचा दांडा उडाला. मी रंगात आलो. ‘अंशुल दौडत येऊन राहिलाय, आणि काय फेकलाय भिया, सीधा डंडा उखडला’, असं काहीसं मी म्हणालो असं नंतर कळलं. शार्दूलने अगदी हवामानाचा अंदाज सांगावा तशा आवाजात सांगितलं, ‘श्रोतेहो, रेडिओला हात लावू नका, बिघाड नाही. हे मराठीच आहे.’ आणि मग, ‘म्हणजे मराठीत सांगायचं तर, फलंदाज त्रिफळाचीत.’

मैदानाच्या कडेला बसलेली मंडळी मोबाईल कानाला लावून खेळ बघत होती. ती सगळी एकदम हसली. मला आधी वाटलं मैदानात कुत्रं शिरलं.

त्या दिवशी माझ्या प्रत्येक वाक्यानंतर शार्दूलने ‘म्हणजे मराठीत सांगायचं तर’ म्हणून माझं मराठीत भाषांतर केलं. घरी आल्यावर मी विनोदिनीला म्हणालो की मी असं बोललोच नाही, त्यांनी मशिनीत काही केलं आहे. तिने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. मी ते पूर्ण ऐकलं. आवाज माझा होता, ‘भिया’ हे आमचं माळव्यातलं ‘भाऊ’ही माझंच होतं, एकदा नव्हे, बरेचदा. ती म्हणाली, अहो, तुम्ही रोज असंच बोलता, आपण सगळेच बोलतो. हे तिने समजूत घालण्यासाठी म्हटलं होतं, पण मला ते शार्दूलच्या वाक्यापेक्षा जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवसापर्यंत तो तुकडा सगळ्या नातेवाइकांच्या मोबाईलवर पोचला. मल्हाररावांनी हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली आणि शेवटी दोन हात जोडले. शाळेत माझ्या वर्गातल्या मुलांना मराठी बिलकुल येत नाही, पण आता त्यांना एक मराठी वाक्य पाठ झालं. मी फळ्यावर प्रमेय सिद्ध करून वळलो की मागून आवाज यायचा, ‘म्हणजे मराठीत सांगायचं तर’. उच्चार, मला कबूल केलं पाहिजे, शार्दूलसारखा अचूक असायचा.

केंद्राला मात्र दिवाळी वाटत होती. ऐकणारे वाढले. एका शेववाल्याने त्या भाषांतराला प्रायोजकत्व दिलं, आणि माझा अपमान आता कुरकुरीत लसणी शेवेच्या सौजन्याने होऊ लागला. मी तक्रार करायची ठरवली. तक्रार छापील अर्जावर हिंदीत करायची होती, म्हणून मी ती हिंदीत केली, आणि मराठीसाठी लढतोय म्हणून खाली एक प्रत मराठीतही जोडली. समितीत दोनच सदस्य होते. एक अल्पनाताई आणि दुसरा भाषातज्ज्ञ म्हणून शार्दूल. त्याने माझी मराठी तक्रार मनापासून वाचली, लाल पेनाने तपासली आणि परत दिली. निकाल तोंडी मिळाला, तो असा की तक्रारीत तथ्य आहे, परंतु भाषा सुधारावी.

आता सुधारायचीच म्हटल्यावर मी मागे हटणारा माणूस नव्हे. मी मोबाईलवर पुण्याच्या लोकांची भाषणं लावून बसू लागलो. ते शब्द कसे तोडतात, वाक्याच्या शेवटी आवाज कसा खाली ठेवतात, आणि समोरच्याला काही कळलं नसणार हे आधीच धरून कसं बोलतात, याचा अभ्यास केला. सराव म्हणून भाजी बाजारात गेलो. ज्या बाईकडून मी इतकी वर्षं गिलकी घेतो तिने माझं बोलणं ऐकून विचारलं, बाबूजी, भाई साहब की तबियत तो ठीक है ना, आज घर पे हैं क्या. मी माझ्याच घरी आलेला पुण्याचा कोणी पाहुणा आहे असं तिला वाटलं, आणि पाहुण्याला ती जो भाव लावते तो तिने लावला.

माझी आत्या यमुनाबाई पलीकडच्या गल्लीत राहते. वयाने ऐंशीच्या पुढे गेली तरी अजून ‘जाहलें’, ‘येती जाहली’ असं बोलते, आणि घरातल्या सगळ्या पूजा, बारशी, मुंजी तिच्या तोंडून निघालेल्या शब्दांवर चालतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला, की बिघडलं आहे ते पुण्याचं मराठी. आपण तिथून निघालों तेव्हां तें चांगलें होतें, आणि आपण तें तसेंच इकडे आणिलें आहे. मला आत्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि ठेवलंही. इतका साधा इलाज माझ्या घरात होता. जगात दुसऱ्या कुठल्या समालोचकाने हा इलाज केला नसता, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

उपान्त्य सामन्याचं वर्णन मी आत्याच्या मराठीत केलं. गणपतचा कोट तयार झाला होता, तो घातला. ‘फलंदाजांची स्वारी मैदानीं येती जाहली,’ असा आरंभ केला. चौकार गेला तेव्हा ‘चेंडू सीमेपार रवाना जाहला’ म्हणालो. घरातल्या पूजेतच वापरायचे शब्द असल्यामुळे त्यांच्याबरोबर पूजेचा सूरही आपोआप आला, आणि एकदा आल्यावर तो जाईना. फलंदाज बाद झाला की माझा आवाज अध्याय संपल्यासारखा उतरायचा. शार्दूल पहिली काही षटकं नुसता पाहत राहिला. बहुधा बक्षिसांच्या काळात त्याला असा जोडीदार भेटला नसावा. मग केंद्रात, मोबाईलवर ऐकणाऱ्या नेमावरच्या एका काकूंचा फोन आला, की पूजा कुठे चालली आहे आणि प्रसाद किती वाजता आहे. शार्दूलने तो प्रश्न माइकवर मला विचारला, आणि शेववाल्याने लगेच प्रसाद आमच्याकडून म्हणून जाहीर केलं.

त्या रात्री अल्पनाताईंचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता मला काढणार. धारला दुसरं कोणीतरी बसणार आणि मल्हारराव मला जन्मभर ऐकवणार. पण बाई म्हणाल्या, तुम्ही यायलाच हवं, लोक तुमच्यासाठीच ऐकतात, आज तर हसून हसून आमचा मशिनीवरचा मुलगा खुर्चीवरून पडला. मला काढलं असतं तर मी सुखाने दुःखी झालो असतो. मला विदूषक म्हणून ठेवलं होतं, आणि त्याचा मला मनस्वी राग आला. त्या रागातच मी धारच्या गाडीत बसलो.

धारसाठी मी एक नवा बेत केला होता. कमी बोलायचं. धावा सांगायच्या, बळी सांगायचे, की गप्प. पुणेरी नाही, आत्याचं नाही, आणि आपलं तर नाहीच. मंडपाच्या पुढच्या खुर्चीवर मल्हारराव कानात इअरफोन खुपसून बसले होते आणि मी तोंड उघडण्याआधीच मंद हसत होते. त्यांच्या शेजारी विनोदिनी, आणि मागे माझ्या सासऱ्यांच्या घरची पाच-पन्नास माणसं. पहिला डाव संपेपर्यंत मी आकड्यांशिवाय शब्द काढला नाही. शार्दूल उपाशी राहिला. मल्हाररावांचं हसू जरा सुकलं, आणि मला वाटलं, अब्रू राहिली.

मध्यंतरात धारच्या संघाचा कप्तान मुलाखतीला आला. याचं नाव विपुल. धार जिल्ह्यातच धामनोदला हमरस्त्यावर ट्रकच्या टायरांचं दुकान आहे, पूर्वज संस्थानच्या घोड्यांना नाल ठोकणारे. एकट्याने निम्म्या धावा काढल्या होत्या. घामाने भिजलेला, हातात बॅट, आणि माइक बघून पोरासारखा बावरलेला. शार्दूलने विचारलं, खेळीचं रहस्य काय. विपुल शब्द शोधत शोधत मराठीत बोलू लागला. ‘मी... आमी रोज सकाळी उठून प्रॅक्टिस करून राहिलो होतो. बॉल पुराना होतो तर धीमा येते. मंग मी थांबलो. घाई केली नाय.’

मला शार्दूलचं तोंड उघडताना दिसलं. त्याचं वाक्य त्याच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. इतके दिवस जे माझ्यावर यायचं ते आता दुसऱ्या कोणावर पडणार होतं, आणि काय झालं कोण जाणे, मला ते त्याच्याकडून पडू द्यायचं नव्हतं. तो वार मला हवा होता. मी माइक ओढला आणि माझ्या उत्तम, धुतलेल्या, घासलेल्या मराठीत विचारलं, ‘विपुलराव, हे मराठी धामनोदच्या ढाब्यावर फोडणी देऊन मिळतं का?’

अख्खं मैदान हसलं. मल्हारराव खुर्चीत मागे पडून हसले, शार्दूलने टेबलावर हात आपटला. पहिल्यांदाच लोक माझ्यावर नव्हे, माझ्याबरोबर हसत होते, आणि तो विनोद माझा स्वतःचा होता. मला गणपतच्या कोटात दोन इंच फुगल्यासारखं वाटलं.

विपुलही हसला. म्हणजे त्याने ओठ तसे केले. मग तो माझ्याकडे बघून, हळू पण माइकमध्ये नीट ऐकू जाईल असं बोलला. ‘काका, आमच्या घरी आता सगळे हिंदीच बोलतात. मी दुकानावर तुमची कॉमेंट्री लावून राहिलो होतो. तुमचं ऐकून वाटलं की असं बोललं तरी चालते, रेडिओवर भी चालते. म्हणून आज बोललो.’ आणि शार्दूलकडे वळून म्हणाला, ‘बाकी हिंदी में बोल देता हूँ, भिया.’

बाकीचं तो हिंदीत बोलला, आणि फार छान बोलला. मला लाज वाटली. इतकी की मी पुढच्या डावात धावाही चुकीच्या सांगितल्या, आणि शार्दूलने त्या न हसता दुरुस्त केल्या.

पण माझ्या लाजेची कोणाला गरज नव्हती. सामना धारने जिंकला, आणि मल्हाररावांनी येऊन मला मिठी मारली. म्हणाले, कृष्णराव, आज तुम्ही धारचे जावई शोभलात, काय शुद्ध बोललात. हे शब्द ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं जगलो होतो असं म्हटलं तरी चालेल. शार्दूलने सर, टायमिंग एक नंबर, म्हणून हात मिळवला. अल्पनाताई म्हणाल्या की पुढच्या वर्षीही हीच जोडी, आणि ढाब्याचं वाक्य त्या जाहिरातीला वापरणार आहेत, शेववाल्याला फार आवडलं. मला हवं होतं ते सगळं एका संध्याकाळी मिळालं, आणि मी विपुलला शोधत मंडपामागे गेलो. तो बुटांचे बंद सोडत होता. मी म्हणालो, ‘विपुल, फार छान खेळलास.’ त्याने उठून उभं राहून अदबीने म्हटलं, ‘थैंक यू, सर.’  मघाशी माइकवर मी काका होतो.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. विनोदिनी शेजारी बसली होती. वाटेवरचं घाटाबिल्लोद मागे पडल्यावर तिने काच वर केली आणि म्हणाली, ‘आगे कहीं गाड़ी रोकिए, चाय पीते हैं.’

लग्न झाल्यापासून ती माझ्याशी घरात हिंदीत एक शब्द बोललेली नाही. भांडणसुद्धा मराठीत होतं. मी विचारलं, हे काय नवीन.

‘डर लगता है,’ ती पुढच्या रस्त्याकडे बघत म्हणाली. ‘मराठी में कुछ इधर-उधर निकल गया और आप हँस दिए तो?’

चहा प्यालो. तिने चहावाल्याशी हिंदीत बोलणं साहजिक होतं, पण गाडीत बसल्यावरही ती हिंदीतच बोलत राहिली. भाचीचं लग्न, आत्याचं औषध, घरी संपलेलं पीठ, सगळं अगदी नीट, कुठेही न अडखळता. मी मराठीत उत्तरं देत होतो आणि प्रत्येक वाक्य माझ्याच कानाला परक्या माणसाचं वाटत होतं. इंदूर ओलांडल्यावर मी म्हणालो की रविवारी धामनोदला जाऊन येतो, त्या मुलाच्या दुकानावर, त्याची माफी मागतो.

‘ज़रूर जाइए,’ विनोदिनी म्हणाली. ‘पर माँगेंगे कौन-सी भाषा में?’

देवासची टेकडी दिसेपर्यंत मी ती माफी मनातल्या मनात आधी पुणेरीत, मग आत्याच्या मराठीत आणि शेवटी ‘भिया’ लावून आपल्या मराठीत मागून पाहिली.